इंदिरानगर, नाशिक : साडेदहा बाय एकोणीस फुटी गॅरेजचं वर्कशॉप करायचंय, मे महिन्यातही आत उभं राहता येईल असं

फिटर_सातपूर

नमस्कार मंडळी.

गाडी विकली. मुलगा म्हणतो, गॅरेज रिकामंच आहे तर भाड्याने देऊ. बायको म्हणते, जुन्या गाद्या, पिंपं आणि लोणच्याच्या बरण्या तिकडे हलवू. दोघांपैकी कुणीतरी आपलं कुलूप लावायच्या आत मला तिथे वर्कशॉप उभं करायचंय.

सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये नोकरी झाली, आता निवृत्त. छंद एकच, हाताने चालवायचे रंधे बनवणं. शिसमाचा ठोकळा, पितळी बाजू, पातं स्वतः घासून बसवलेलं. त्यामुळे लाकूड आणि लोखंड एकाच छपराखाली येणार. लाकडाचा भुसा लोखंड कातायच्या लेथच्या तेलात पडला की काय लगदा होतो ते मला सांगायला नको, त्यामुळे दोन कोपरे वेगळे ठेवणार हे नक्की.

जागा अशी आहे. गॅरेज बंगल्याच्या दक्षिणेला चिकटून. शटर पश्चिमेला, रस्त्याकडे. मागची भिंत पूर्वेला, तिच्यामागे तीन फुटांचा बोळ. दक्षिणेची भिंत शेजाऱ्यांबरोबर सामाईक. वर सिमेंटचे पत्रे, नव्वदच्या दशकातले. उंची शटरपाशी १० फूट, मागे साडेआठ. खाली साधा कोबा, त्याला रस्त्याकडे तीन इंच उतार. हा उतार बांधला तेव्हा शहाणपणाचा होता. आता रस्त्यावर डांबराचे थर चढत चढत रस्ता उंबऱ्याच्या बरोबरीला आलाय. जमीन काळी. कोब्याला मधोमध एक तडा आहे, त्यात एप्रिलमध्ये हॅक्सॉचं पातं उभं जातं आणि ऑगस्टमध्ये कागद जात नाही.

यंत्रं : साडेचार फुटी लेथ, १ एचपी, थ्री फेज. अंबड लिंक रोडला भंगार बाजार भरायचा तेव्हा तिथून उचललेला. बाजार २०१७ ला उठला, त्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. अर्धा एचपीचं पिलर ड्रिल. पुढेमागे २ एचपीचं रंधा मशीन घ्यायचंय. घरात वीज सिंगल फेज.

मुलाने मला परदेशी गॅरेजचे ढीगभर व्हिडिओ दाखवले. चकचकीत इपॉक्सीची जमीन, भिंतीत कापूस, मधोमध हीटर. त्यांना थंडी बाहेर ठेवायची असते, मला ऊन बाहेर ठेवायचंय, त्यामुळे ते सगळं बघून करमणूक झाली, उपयोग शून्य. माझ्या लेखी आराम म्हणजे एसी नव्हे. मे महिन्यात दुपारी चारला कानस चालवताना घाम व्हर्नियरवर टपकू नये, आणि जुलैत सकाळी लेथच्या बेडवर बोट फिरवलं तर ते तांबडं होऊ नये. बस.

बजेट दीड लाख, यंत्रं सोडून. सुरुवात कुठून करू? छप्पर, जमीन की वीज?

---

ओळंबा

काका, छप्पर. वादच नाही. मी सिव्हिलवाली आहे, गोविंदनगर-इंदिरानगर पट्ट्यातली अशी गॅरेजं बरीच पाहिली आहेत.

पण त्याआधी एक. त्या काळातले सिमेंटचे पत्रे म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस धरूनच चाला. पत्रा शाबूत आहे तोवर तो तुमचं काही बिघडवत नाही. त्याला ड्रिल मारलं, ग्राइंडरने कापला किंवा शेवाळ काढायला तारेचा ब्रश घासला, की त्यातले तंतू हवेत येतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. म्हणून लाइटची पट्टीसुद्धा पत्र्याला भोक पाडून लावू नका. आणि वर चढायचं झालं तर पत्र्यावर पाय नको. खालच्या आडव्या अँगलवर फळ्या टाकून त्यांवरूनच चालायचं. हे पत्रे आवाज न करता एकदम मोडतात.

पैसे असते तर मी म्हटलं असतं, पत्रे ओले करून, न फोडता, अख्खे उतरवा आणि ५० मिलिमीटरचे पफ पॅनल, म्हणजे पोटात फोम भरलेले पत्रे, टाका. दीड लाखात ते केलंत तर बाकीच्या कामांना फार काही उरणार नाही. मग दुसरा रस्ता : पत्रे तसेच ठेवायचे, वरून पांढरा उष्णतारोधक रंग, दोन हात. पत्रे धरणाऱ्या जे-हुकांचे डांबरी वॉशर वाळलेले असतील, ते त्याच वेळी बदला, गळती तिथूनच होते. आतून पत्र्याखाली सहा इंच सोडून, त्याच उताराने, जीआयच्या सांगाड्यावर चंदेरी कागद लावलेला फोम आणि त्याखाली फायबर सिमेंटचा बोर्ड. बोर्ड घेताना नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस असं विचारून घ्या. सांगाडा अँगलला क्लॅम्पने पकडा. जिप्सम नको, एका पावसाळ्यात पोट काढेल.

त्या सहा इंचांची दोन्ही टोकं उघडी ठेवायची, नुसती जाळी. लोक तिथेच चूक करतात, फोम पत्र्याला चिकटवून टाकतात किंवा टोकं बंद करतात. चंदेरी बाजू समोर मोकळी हवा असेल तरच ऊन परतवते. तुमचं छप्पर मागून पुढे चढतंय, म्हणजे तापलेली हवा पोकळीतून आपोआप शटरच्या वरच्या बाजूने निघून जाईल.

शटर पश्चिमेला ही खरी पीडा. दुपारी दोननंतर तो लोखंडी पडदा आख्खा तापतो. आतून तीन फूट सोडून प्लायची हलकी भिंत करा, दार ठेवून. त्या तीन फुटांत शिडी, सायकल, कुंड्या राहतील.

आणि शटर काढून तिथे पक्की वीट मात्र बांधू नका. मंजूर नकाशात जागा पार्किंग म्हणून दाखवलेली असेल तर ती चटईक्षेत्रात धरलेली नसते, खोली केलीत की वापर बदलला. २०२० च्या यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीखाली ते प्रकरण कसं बसेल हे तुमचा नकाशा बघूनच सांगता येईल. काढता येणारी प्लायची भिंत, शटर जागेवर आणि काम स्वतःपुरतं, एवढं ठेवा. रंधे विकायला लागलात तर मात्र आधी आर्किटेक्टला नकाशा दाखवा.

जमिनीचं उद्या लिहिते.

---

वायरिंगवाला_सिडको

साहेब, छप्पर ताईंनी सांगितलं. विजेचं माझ्याकडून घ्या.

लेथची मोटार बदलू नका. पाटी वाचा. १ एचपी म्हणजे बहुतेक ४१५ व्होल्ट, स्टार असं असेल. स्टार आणि डेल्टा या मोटारीतली वेटोळी जोडायच्या दोन पद्धती. टर्मिनल बॉक्स उघडा. आत सहा टोकं असतील तर काम सोपं. तीनच असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून आतला सांधा सोडवून सहा बाहेर काढून घ्या. मग पट्ट्या फिरवून डेल्टा. स्टारमध्ये ४१५ वर चालणारी तीच मोटार डेल्टात २४० वर तेवढीच ताकद देते, करंट १.७३ पट होतो इतकंच.

त्याला घरची सिंगल फेज घेऊन २४० व्होल्टची थ्री फेज देणारा ड्राइव्ह लावा, व्हीएफडी. मोटार पाऊण किलोवॉटची आहे, ड्राइव्ह दीडचा घ्या. कपॅसिटर लावून थ्री फेज मोटार सिंगलवर ढकलतात तसलं नको, ताकद जाते आणि मोटार तापते.

ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मध्ये स्विच टाकायचा नाही. चालू-बंद ड्राइव्हच्याच टर्मिनलवरून. लेथला आधीपासून ड्रम स्विच असेल तर त्याच्यातून मोटारीची लाइन काढून घ्या आणि ड्राइव्हला नुसता इशारा द्यायला वापरा. खालच्या स्पीडला सांभाळून, २० हर्ट्झच्या खाली मोटारीचा पंखाही मंद फिरतो आणि ती स्वतःला गार करू शकत नाही. ड्राइव्हचा छोटा पंखा भुसा ओढतो, तो पेटीत बसवा, पेटीला फिल्टर.

वायरिंग : घराच्या मेन बोर्डावरून ६ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन, गॅरेजात स्वतंत्र बोर्ड. यंत्रांच्या प्लगला ४, ड्रिलला आणि हातयंत्रांना अडीच, दिव्यांना दीड. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारे स्विच, सी प्रकारचे घ्या. मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, बी प्रकारचा उगाच पडत राहील. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवाच, पण ड्राइव्हची लाइन त्या सगळ्यांबरोबर बांधू नका. ड्राइव्हची थोडी गळती असतेच, तेवढ्यावरून दिवे गेले तर फिरत्या चकसमोर (काम पकडणारा लेथचा जबडा) अंधारात उभे राहाल. ड्राइव्हला त्याच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचा वेगळा आरसीसीबी. दिवे वेगळ्या एमसीबीवर. अर्थिंग नवीन खोदा. काळी माती ओली असताना अर्थ चांगला देते, मे महिन्यात भेगाळली की खड्ड्यात पाणी घालायचं विसरू नका.

बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते बघा. रंधा मशीन, लेथ आणि घरातला गिझर एकदम चालणार असतील तर महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज आधी करा.

दिवे : तुमची जागा साडेअठरा चौरस मीटर. बारीक कामाला ५०० लक्स धरले तर साधारण सव्वानऊ हजार ल्युमेन लागतात, आणि भिंती-छत काही खातातच. २० वॉटची एलईडी पट्टी दोन हजारांच्या आसपास देते. सहा-सात लावा. लेथवर स्वस्तातली पट्टी नको, ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि एखाद्या स्पीडला चक थांबल्यासारखा दिसतो. हात तिथेच जातो.

---

निफाडकर

राम राम. मी शेतकरी माणूस, वर्कशॉप म्हणजे ट्रॅक्टरची शेड. वाऱ्याचं एवढंच सांगतो.

कांद्याच्या चाळीत आम्ही वारा खालून घेतो आणि वरून सोडतो. तुमच्या गॅरेजालाही तसंच करा. पूर्वेच्या भिंतीत जमिनीपासून फूटभर वर दोन झरोके, बोळाकडून. दुपारी तिकडे सावली असते, येणारी हवा त्यातल्या त्यात गार. वर शटरच्या डोक्यावर बाहेर जायची वाट. पण आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून वरच्या वाटेला तिरप्या पट्ट्या आणि बाहेर दीड फूट छज्जा. खालच्या झरोक्यांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा, नाहीतर घुशी तुमच्याआधी राहायला येतील.

कूलर घेऊ नका. एप्रिलच्या कोरड्या हवेत मस्त वाटतो, पण पाण्याची वाफ सगळी लोखंडावर.

आणि थंडी विसरलात का? डिसेंबर-जानेवारीत आमचा आकडा पेपरात येतो, पण नाशिकलाही पहाटे काही कमी नसते. पांढरा सरस १० अंशांच्या खाली नीट धरत नाही, वाळल्यावर खडूसारखा भुसभुशीत राहतो. जोड द्यायचे ते दुपारी द्या.

---

फिटर_सातपूर

वा. एका रात्रीत एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

वायरिंगवाला भाऊ, टर्मिनल बॉक्स उघडला. सहा टोकं आहेत. चक मात्र आट्यांचा आहे, म्हणजे स्क्रूसारखा फिरवून बसवलेला, बोल्टने आवळलेल्या फ्लँजचा नाही. ड्राइव्हवर उलटं फिरवलं किंवा झटक्यात थांबवलं तर चक सुटून माझ्या अंगावर येईल ना?

निफाडकर, झरोके पटले. सरसाचंही पटलं, गेल्या वर्षी एका रंध्याची बाजू का निखळली ते आज कळलं.

ओळंबा ताई, जमिनीची वाट बघतोय. मुलगा इपॉक्सीचा हट्ट सोडत नाहीये.

---

वायरिंगवाला_सिडको

बरोबर पकडलंत. आट्यांचा चक असेल तर ड्राइव्हमध्ये उलटी दिशा बंदच करून टाका, तशी सोय असते. थांबायचा वेळ पाच-सहा सेकंद ठेवा. इमर्जन्सीचं लाल बटण दाबलं तर मोटार मोकळी फिरत थांबेल असं लावा, ब्रेक लावून नको.

---

भिंतीपलीकडचा

मला यंत्रांतलं काही कळत नाही. गंगापूर रोडला राहतो आणि माझा शेजारी अगदी तुमच्यासारखा आहे. म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

नियमाने निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. पण खरं सांगू, मी कधी मीटर घेऊन बसलो नाही. लेथ मला ऐकूही येत नाही. त्रास होतो तो दोन गोष्टींचा. एक, दुपारी जेवून आडवं पडलं की नेमका सुरू होणारा ग्राइंडर. दोन, सामाईक भिंतीला टेकवलेलं टेबल. त्यावर हातोडीचा एक ठोका पडला की माझ्या पलंगाच्या डोक्याशी वाजतो. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या आणि दोन ते चार शांत ठेवा. त्यांनी ऐकलं. आता त्यांच्याकडून आमच्या सौ.ला पोळपाट मिळालाय.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवले होते त्यांनी. काही फरक पडला नव्हता.

---

ओळंबा

ट्रेने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, भिंतीपलीकडे जाणारा आवाज थांबत नाही. त्याला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. काका, सामाईक भिंत आणि पत्रा जिथे भेटतात तिथे हात घालून बघा, मूठ जाईल एवढी फट असते. दक्षिणेच्या बाजूने ती पूर्ण भरून घ्या, पोकळीची टोकं पूर्व-पश्चिम आहेत, त्यांना धक्का लागत नाही.

आता जमीन. इपॉक्सीच्या आधी हे करा : दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक कोब्यावर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी उचला. खाली घाम दिसला किंवा कोबा काळपटला तर ओल जमिनीतून येतेय आणि इपॉक्सी फुगे धरून सुटणार. ही परीक्षा मे महिन्यात करून फसू नका, ऑगस्टमध्ये करा. तुमच्या तड्याने उत्तर आधीच दिलंय असं मला वाटतं. त्या तड्यात सिमेंट भरू नका, माती फुगली की शेजारी दुसरा पडेल. लवचीक सीलंट भरा आणि लेथचे पाय तड्याच्या एकाच बाजूला येतील असं बघा.

उतार भरून जमीन सपाट करायचा मोह होईल. करू नका. पावसात कधीतरी पाणी येणारच, त्याला जायला वाट हवी. शटरच्या आत लगेच आडवी नाली, वर लोखंडी जाळी, आणि तिचं पाणी रस्ता उंच झालाय म्हणून बाजूने बागेकडे काढा.

---

रंधा_पंचवटी

मी व्यवसायाने सुतार, पंचवटीत. फिटरकाका शिसमात हात घालतायत म्हणून थोडं.

यंत्राला सपाट जमीन लागत नाही, सपाट बूड लागतं. लेव्हलिंगचे बोल्ट घाला आणि स्पिरिट लेव्हल लावून बसवा, हे तुम्हाला मी काय सांगू. पण लाकूड जमिनीला टेकवू नका. भिंतीत अँगल ठोकून फूटभर वर, नाहीतर वाळवी. पावसाळ्यात आणलेली फळी लगेच कापू नका, महिना-दोन महिने त्याच छपराखाली राहू द्या. आपल्याकडे जुलै आणि एप्रिल यांत लाकूड इतकं हलतं की जुलैत घट्ट बसवलेली पाचर एप्रिलमध्ये हाताने निघते.

भुसा : शिसमाच्या भुशाने माझ्या भावाच्या हातावर पुरळ उठतं, सागानेही काहींना उठतं. आणि लाकडाचा बारीक भुसा कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात मोडतो, हे आमच्या धंद्यात कुणी ऐकत नाही. रंधा मशीनला चार इंची पाइप आणि गोळा करणारं यंत्र, मध्ये एक झाकणाचं पिंप, जाड ढलप्या पिंपात पडतील. तोंडाला रुमाल नको, एन-९५.

अळशीच्या तेलात भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती स्वतःच तापून पेटते. बाहेर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. भुशाच्या खोलीत हे फार महत्त्वाचं. पावडरचा एक अग्निशामक दाराशी टांगा.

गंजाला आमचा उपाय साधा आहे. लेथच्या बेडवर तेल, रंधा मशीनच्या टेबलावर मेण, आणि हत्यारांच्या पेटीत कापराची वडी. बाकी तुमचं टेबल मात्र ३३ इंचांच्या वर नेऊ नका. रंधा मारताना अंगाचा भार वरून पडला पाहिजे.

---

फिटर_सातपूर

सुतारबुवा, ३३ इंचांवर कानस चालवून दाखवा, मग बोलू. वाईसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा, हे मला पहिल्या दिवशी उस्तादाने कोपर धरून शिकवलंय. ४० वर्षं पाठ शाबूत आहे ती त्यामुळेच. तेव्हा टेबलं दोन होतील. तुमचं बुटकं उत्तरेला घराच्या भिंतीशी, माझं उंच पूर्वेच्या उजेडात. सामाईक भिंतीला फक्त लाकडाची मांडणी, ठोकाठोकी नाही. दोन ते चार मी स्वतःच झोपतो, तो प्रश्न मिटला.

क्रम असा ठरवलाय. मे संपायच्या आत छपराचे वॉशर आणि पांढरा रंग, झरोके आणि नाली. पावसाळ्यात ओल बघणार, तोवर इपॉक्सीचा विषय बंद. प्लॅस्टिक मुलालाच चिकटवायला सांगितलंय, म्हणजे निकाल त्याला मान्य होईल. त्या महिन्यांत आतला सांगाडा, बोर्ड आणि वीज. लेथ सगळ्यात शेवटी आत येईल. उभं राहायला कन्व्हेअर बेल्टचा जुना तुकडा अंथरणार, कोब्यावर तासभर उभं राहिलं की टाचा बोलतात.

एक राहिलं. पश्चिमेच्या प्लायच्या भिंतीतलं दार आत उघडू की बाहेर?

---

ओळंबा

बाहेर, शटरच्या दिशेने. आत उघडलं तर कधीतरी फळ्यांचा ढीग त्याच्यावर कलंडेल आणि आतून उघडणार नाही. पण काका, शटर अडकलं तर त्या दाराचाही उपयोग नाही. पूर्वेच्या भिंतीत झरोक्यांशेजारी अडीच फुटांचं एक दार काढाच, बोळात उघडणारं. भिंत बोळाकडची आहे, वर लिंटेल नीट टाकलं तर काम दोन दिवसांचं. पत्र्यांचा भार कुठे येतोय ते आधी मिस्त्रीला दाखवा.

---

वायरिंगवाला_सिडको

दार काढणार असाल तर माझ्याकडून बोर्डाची जागा बदलून घ्या. मेन स्विच त्या दाराशेजारी, खांद्याच्या उंचीला. लेथच्या मागे लावलात तर बंद करायला फिरत्या चकवरून हात न्यावा लागेल.